तर्रीच्या लसींची फाईल

शालू,

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परवा आटोपला. भन्तेजी वेळेवर आले आणि वेळेवर गेले. तुझ्याविषयी चार जण बोलले. त्यांपैकी तिघांना तुझे पूर्ण नाव ठाऊक नव्हते. मला बोलण्याची विनंती झाली. मी नकार दिला. तोंडी बोलू लागलो की माझा आवाज चढतो, हे तुझ्याइतके कोणास ठाऊक? म्हणून लेखी.

ही पद्धतही तुझीच. माझी बायको, निखिलची आई, गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तू नागपूरच्या कार्यालयातून बदली मागून घेतलीस, बढतीच्या यादीतले नाव सोडून दिलेस आणि दोन ट्रंका घेऊन लखनौला आलीस. मी तुला ये म्हटले नव्हते. नको असेही म्हटले नव्हते. पहिल्याच महिन्यात आपली भांडणे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाऊ लागली. निखिल पलंगाखाली जाऊन बसे. एके सकाळी तू हिरव्या टिपणी-कागदांची एक फाईल माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलीस.

"काहून ओरडून राहिला रे दादा? आफिसात ओरडतोस का असा? तिथं कागदावर बोलतोस ना? मंग घरीबी कागदावरच बोलू."

फाईलीवर तू लिहिले होतेस : ‘घर – विविध’. त्या दिवसापासून छत्तीस वर्षे या घरातला प्रत्येक निर्णय त्या फाईलीतून गेला. निखिलची शाळा, कूलर, गच्चीवरची टाकी, निखिलचे लग्न. तू प्रस्ताव लिहीत असस, खाली ‘सादर’ लिहून सही करीत असस. मी त्याखाली शेरा देत असे. लोकांनी हे पाहिले असते तर हसले असते. आपण हसलो नाही. आवाज खाली आला आणि पोर पलंगाखालून बाहेर आले. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. त्यासाठी फाईलीत जागा नव्हती, असे मी म्हणू शकलो असतो. ते खरे नाही.

आता मूळ विषय.

दोन वर्षांपूर्वी तू चिकनकारीचा कुर्ता आणण्यासाठी चौक बाजारात गेलीस आणि परत आलीस तेव्हा कुर्त्याच्या खोक्यात मांजराचे पिल्लू होते. दुकानदाराने म्हणे गळ्यात मारले. तांबूस रंग पाहून तू तिथेच नाव ठेवलेस.

"पोह्यावरची तर्री आहे बाप्पा नुसती."

मी म्हणालो, हे घर आहे, कोंडवाडा नव्हे. तू म्हणालीस, प्रस्ताव उद्या सादर करते. तो प्रस्ताव मी मान्य केला. का केला, ते आजही सांगता येणार नाही. कदाचित त्या वर्षी निखिल अमौसीला विमानतळाजवळ राहायला गेला होता आणि जेवणाच्या टेबलावर दोनच ताटे उरली होती, म्हणून.

पंधरा दिवसांनी लसींचा प्रस्ताव आला. बाजारातल्या पशुवैद्य बाईंकडची छापील यादी तू सोबत जोडली होतीस. टिपणी नेटकी होती. तुझ्या टिपण्या नेहमीच नेटक्या असत. यादीत तीन बाबी होत्या. पहिली, तीन रोगांवरची एकत्रित लस. त्यातला एक रोग पिलांना दोन दिवसांत संपवतो. दुसरी, रेबीजची. तिसरी, मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावरची. तू लिहिले होतेस : ‘पहिल्या दोन प्रत्येक मांजरास आवश्यक, असे डॉक्टरांचे मत. तिसरी बाहेर हिंडणाऱ्या, इतर मांजरांत मिसळणाऱ्या मांजरांसाठी. आपले मांजर घराबाहेर जात नाही. सबब तिसरी वगळावी.’

माझ्या नोकरीची एकतीस वर्षे इतरांचे खरेदी-प्रस्ताव तपासण्यात गेली. तीन बाबी मागितल्या की दोन द्यायच्या, दोन मागितल्या की एक, ही माझी रीत होती आणि तिचा मला अभिमान होता. तुझ्या प्रस्तावात तू एक बाब आधीच कापली होतीस. मला कापण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा तिसऱ्या लसीसाठी तू दिलेले कारण मी उचलले आणि दुसऱ्या लसीला लावले. लिहिले : ‘मांजर तिसऱ्या मजल्यावर राहते. घराबाहेर जात नाही. रेबीजच्या लसीची आवश्यकता सिद्ध होत नाही. एकत्रित लस मान्य.’

डॉक्टरांचे मत वर स्वच्छ लिहिलेले होते. ते मी वाचले होते. मी निष्काळजी नव्हतो, शालू. मी केवळ सवयीने वागलो. यांतला कोणता दोष मोठा, हे मला आता कोणी विचारणार नाही.

तीन दिवसांनी फाईल परत आली. माझ्या शेऱ्याखाली तू लिहिले होतेस : ‘मांजर बाहेर जात नाही, हे खरे. तथापि बाहेरचे आत येऊ शकते (माकडे). शिवाय ही लस मांजराइतकीच घरातील माणसांसाठी आहे. कृपया चर्चा करावी.’

‘चर्चा करावी’ हे शब्द वरचा अधिकारी खालच्यास लिहितो. खालून वर असे कोणी लिहीत नाही. तू सरकारी नोकरीत आयुष्य काढलेस; हा रिवाज तुला ठाऊक नव्हता, असे नाही. छत्तीस वर्षांत तू ते शब्द एकदाच लिहिलेस. मला तो शिस्तभंग वाटला. मी फाईल बंद करून कपाटात ठेवली.

एकत्रित लस झाली, तिचा पुढचा डोसही झाला. रेबीजची राहिली. तू अधूनमधून जेवताना विषय काढत असस.

"दादा, त्या फाईलीचं काय झालं?"

"विचाराधीन आहे."

"विचार करणारा तूच अन् आधीनबी तुझ्याच. मंग अडलं कुठं?"

मी वरण वाढून घेत असे. तू तर्रीला बशीत भात कालवून देत असस आणि तिला सांगत असस, "साहेब मीटिंगमधे आहेत." मला राग येत असे. आज ते वाक्य आठवून मी एकटाच बसलो असताना ओठ हलले. त्याला हसणे म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मला अजूनही समजत नाही, आणि तिच्यासाठी मी तुझ्यावर रागावलेला आहे. तुझे पेन्शन तुझ्या खात्यात येत होते. दवाखाना पायी दहा मिनिटांवर होता. तू एखाद्या दुपारी, मी झोपलो असताना, तर्रीला टोपलीत घालून नेऊन आणले असतेस तर मला कळलेही नसते. तू आदेश का मोडला नाहीस? मी तुझा अधिकारी नव्हतो. तुझा भाऊ होतो.

या मार्चमध्ये तू मागच्या बाल्कनीत कुरडया वाळत घातल्या. माकडे येणारच होती. जाळीचे दार उघडे राहिले. ते कोणी उघडे ठेवले, हा आपला वाद अपूर्ण आहे. तुझे म्हणणे, मी वर्तमानपत्र घेऊन उन्हात बसलो होतो आणि आत येताना कडी लावली नाही. माझे म्हणणे, तू कुरडया उलटायला नंतर गेली होतीस. मी या वादावर बराच विचार केला आहे. तू जिंकलीस असे लिहायला मला आवडेल. पण मला खरोखर आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते मी लिहीत नाही.

एक मोठे माकड स्वयंपाकघरापर्यंत आले. तू पोळपाट घेऊन धावलीस. तर्री बिथरली, बाल्कनीतून पाइपावर गेली आणि दिसेनाशी झाली. तिसरा मजला, घराबाहेर जात नाही, हे माझे विधान अर्ध्या मिनिटात खोटे ठरले.

चार दिवस तू बशी वाजवत सेक्टरातल्या सगळ्या गल्ल्या फिरलीस. एकाहत्तर वर्षांचे वय, छातीचा जुना त्रास. चौकीदार म्हणाला, "दीदी, बिल्ली अपने आप आएगी, आप बैठ जाइए।" तू त्याला म्हणालीस, "भैया, वो नागपूर की है, उसको रास्ता नहीं मालूम।" मांजर चौकातले होते. ती पाचव्या दिवशी जिन्यात सापडली. डावा कान फाटलेला. कशाने, कोणी, माहीत नाही.

"दादा, आता तरी सही कर."

"आधी कान बरा होऊ दे. मग पाहू."

हे मी बोललो. तोंडी. याची नोंद फाईलीत नाही. म्हणून इथे करतो.

कान बरा झाला नाही, चिघळला. तीन आठवड्यांनी, सकाळी, तू त्यावर औषध लावीत असताना तर्रीने तुझ्या मनगटात दात रुतवले. आधी कधी तिने तुला ओरखडाही काढला नव्हता. तू नळाखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटे धूत राहिलीस, घड्याळाकडे पाहत. इतके नेमके कसे माहीत, असे मी विचारले. तू म्हणालीस, "जोडपत्र वाचलं असतंस तं तुलेबी माहीत असतं." छापील यादीच्या मागच्या बाजूस ते सारे लिहिलेले होते. मी मागची बाजू पाहिली नव्हती.

रुग्णालयात नर्सने कार्ड भरता भरता विचारले, "माताजी, बिल्ली पालतू है?"

"हाँ।"

"रेबीज़ का इंजेक्शन लगा था उसको?"

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. मी तुझ्याकडे पाहत होतो, म्हणून सांगू शकतो. तू त्या मुलीला म्हणालीस, "बेटा, वो घर से बाहर नहीं जाती थी।"

तो माझा शेरा होता. शब्दशः. तू तो स्वतःचा म्हणून सांगितलास.

नर्स म्हणाली, "अच्छा? तो कान किसने फाड़ा, दीवार ने?"

बाकावरचे दोघेतिघे हसले. तूही हसलीस. मी म्हणालो, "नहीं लगा था। मैंने मना किया था।" कार्डावर त्यासाठी रकाना नव्हता. तिने ‘नाही’ या पर्यायावर टिक केली आणि पुढच्या माणसाला बोलावले.

जखमेभोवती त्यांनी सुई टोचली तेव्हा तू माझी बाही धरलीस. लहानपणी नागपूरला, आपल्या चाळीत देवीच्या लसीवाले आले तेव्हाही धरली होतीस. मी तेव्हा बाही सोडवून घेतली होती, मित्र पाहत होते म्हणून. या वेळी सोडवली नाही. तुला ते जाणवले की नाही, ठाऊक नाही.

डॉक्टर म्हणाले, चार सुया : आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मांजरावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस जगली आणि ठीक राहिली, तर चावली तेव्हा तिच्यात रोग नव्हता असे समजा. तुम्ही वेळेवर आलात, घाबरू नका.

तू घाबरलीस. तू ते मान्य केले नाहीस, पण मी त्याच घरात राहत होतो. तर्रीला मागच्या छोट्या खोलीत ठेवले. तू रोज दारातून बघून फाईलीत नोंद करीत असस. ‘दिवस १. खाल्ले. पाणी प्यायली.’ ‘दिवस २. खाल्ले. चिडचिडी. कान दुखत असावा.’ आणि रोज सकाळी तू ओट्याशी उभी राहून एक पेला पाणी पीत असस, सावकाश, घोट मोजावेत तसे. पेला खाली ठेवून म्हणत असस, "उतरलं बाप्पा." पहिल्या दिवशी मला वाटले, ही थट्टा आहे. चौथ्या दिवशी तुला पेला दोन्ही हातांनी धरताना पाहिले. त्यानंतर मी त्या वेळी स्वयंपाकघरात येणे बंद केले. मला वाटले, तुला एकटीला ते बरे पडेल. आता वाटते, मला बरे पडत होते.

मी तुला सांगायला हवे होते की, लागण झालीच असती तरी पाणी गिळता न येण्याचे लक्षण इतक्या लवकर दिसत नाही. मी ते वाचले होते. या वेळी मागची बाजूही वाचली होती. पण ते सांगायचे तर आधी दुसरे काही सांगावे लागले असते. त्यामुळे मी काहीच सांगितले नाही.

नवव्या दिवशी सकाळी तू नोंद केलीस : ‘दिवस ९. खाल्ले. सुतळीशी खेळली.’ पाणी प्यायलीस. चहा ठेवलास. माझा कप आणून दिलास, तुझा आणायला वळलीस आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसलीस. "दादा, गॅस बंद कर," म्हणालीस. मी गॅस बंद केला. परत वळलो तेव्हा तू गेली होतीस.

हृदयविकार. दाखल्यावर तसेच आहे आणि ते खरे आहे. निखिल त्या दिवसापासून मला तेच समजावतो आहे. आपण त्याच्याशी मराठीत बोललो, तो आयुष्यभर हिंदीत उत्तर देत राहिला, याबाबतीतही तसेच.

मी म्हणालो, "तिचे शेवटचे नऊ दिवस भीतीत गेले."

"पापा, आत्या को हार्ट की प्रॉब्लम दस साल से थी। बिल्ली का इससे कोई लेना-देना नहीं।"

"मांजराचे नाही. माझे."

तो उठून बाल्कनीत गेला.

तुला मी मारले, असे मी म्हणत नाही. तितका अधिकार मला नव्हता. तुझ्या आयुष्याचे शेवटचे नऊ दिवस मात्र माझ्या एका शेऱ्याने घेतले. एक सुई, दोन मिनिटांचे काम. तेवढे झाले असते तर तुला चार सुया तरीही घ्याव्या लागल्या असत्या, हे मी जाणतो. पण तू पाण्याच्या पेल्याकडे तसे पाहिले नसतेस.

कार्यक्रमाला आलेल्या बायकांत कुजबुज झाली की बिल्लीने घात केला. कोणी म्हणाले, सोडून या तिला दूर गोमतीपलीकडे.  मी उभा राहिलो आणि सांगितले, मांजर दहाव्या दिवशी जिवंत होते, आजही आहे, नोंद उपलब्ध आहे. आवाज चढला असावा. भन्तेजींनी वर पाहिले.

ती नोंद मी केली. तुला नेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझ्या नऊ ओळींखाली माझ्या अक्षरात एक : ‘दिवस १०. जिवंत.’ मागच्या खोलीचे दार उघडले. ती थेट तुझ्या खुर्चीशी गेली, वास घेतला आणि खाली बसली. मी तिला हात लावला नाही. जेवण दिले.

काल सकाळी तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेले. टोपलीचे झाकण कसे बसते, ते मला जमेना. रिक्षावाल्याने लावून दिले. पशुवैद्य बाई तरुण आहेत. कान तपासला. म्हणाल्या, जखम कशाची ते ठाऊक नाही, तेव्हा लस आता तर द्यायचीच, पुढेही बोलावीन तेव्हा आणा आणि काही महिने लक्ष ठेवा. मी म्हणालो, नोंदवही चालू आहे. त्यांनी सुई भरली. तर्री एकदा ओरडली. दोन मिनिटेही लागली नाहीत.

कार्ड लिहिताना त्यांनी जुने पान काढले.

"अंकल जी, आंटी नहीं आईं?"

मी सांगितले.

त्यांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "पिछले साल आई थीं। दो बार। बिल्ली इसी टोकरी में थी। मैंने कहा, लाइए, अभी लगा देते हैं। बोलीं, नहीं बेटा, दादा के दस्तख़त बाकी हैं, वो कर देंगे, फिर आऊँगी। मैं समझी, मज़ाक कर रही हैं।"

मी म्हणालो, "मज़ाक नहीं था।"

म्हणजे तू आली होतीस. दोनदा. टोपली उचलून, ती दहा मिनिटे चालून, त्या टेबलापर्यंत. तुला खात्री होती की मी सही करीन. माझ्याविषयी एवढी खात्री मला स्वतःला कधी नव्हती.

घरी येऊन कपाटातून फाईल काढली. रोजच्या नोंदी तू मागच्या कोऱ्या पानांवर केल्या होत्यास. लसीच्या टिपणीचे पान तू हलवलेले नव्हतेस. ‘कृपया चर्चा करावी.’ खाली तुझी सही. त्याखाली दोन वर्षांची कोरी जागा.

तिथे मी लिहिले : ‘चर्चा झाली नाही. प्रस्ताव मान्य.’ सही केली, तारीख घातली. मग निर्णय झालेली फाईल परत ज्याच्याकडे पाठवायची त्याचे नाव समासात लिहितात, त्या सवयीने हात खाली गेला, आणि तिथे मी तुझे नाव लिहिले.